अकरावी-बारावी कॉमर्सचा अभ्यास: आधी विचारा, ‘ही वही कोणाची?’

प्रश्न थोडक्यात असा आहे: दहावी मराठी माध्यमातून झाली, अकरावी कॉमर्सला प्रवेश घेतला. अकाउंट्स पहिल्या महिन्यातच डोक्यावरून जातंय, अर्थशास्त्र पाठ करूनही राहत नाही. अभ्यास कसा करायचा, गणित ठेवायचं की चिटणिसाची कार्यपद्धती (एसपी, म्हणजे कंपनी चिटणिसाच्या कामाचा विषय), आणि पेपर मराठीत लिहिला तर पुढे अडतं का?

हे उत्तर महाराष्ट्र बोर्ड आणि बालभारतीची २०१९ (अकरावी) व २०२० (बारावी) ची पुस्तकं धरून आहे. बारावीला कॉमर्सच्या मुख्य विषयांना ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुण प्रकल्प व अंतर्गत मूल्यमापनाचे. ते २० गुण वह्या वेळेवर दिल्या की मिळतात, त्यामुळे त्यांवर जास्त लिहीत नाही. अकाउंट्सवर सर्वात जास्त लिहितो, कारण मुलं अडतात ती तिथेच.

अकाउंट्समध्ये बेरीज-वजाबाकीच्या पुढचं गणित जवळपास नसतं. अडतं ते ‘नावे’ (डेबिट) आणि ‘जमा’ (क्रेडिट) या दोन शब्दांत. पहिल्या आठवड्यात तीन सुवर्णनियम घोकून घेतले जातात: घेणारा नावे, देणारा जमा, येणारी वस्तू नावे, जाणारी जमा, खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. नियम बरोबरच आहेत. पण ते लावायच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो वर्गात फारसा विचारला जात नाही: ही वही कोणाची?

दुकानाचे ५,००० रुपये बँकेत भरले. दुकानाच्या रोखपुस्तकात बँकेच्या रकान्यात ते नावे बाजूला येतात. पासबुक उघडा, तिथे तेच ५,००० जमा दिसतात. एक चूक आणि एक बरोबर असं यात काही नाही. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या तुमच्या खात्याची नक्कल. बँकेच्या लेखी तुम्ही पैसे देणारे, म्हणून जमा. तुमच्या वहीत बँक घेणारी, म्हणून नावे. हे एकदा पक्कं बसलं की बँक जुळवणी पत्रकातली अधिक-वजा पाठ करावी लागत नाही. प्रत्येक बाबीला विचारा, ही नोंद दोनपैकी कुठल्या वहीत झाली आणि कुठल्या वहीत राहिली?

रोखपुस्तकाची शिल्लक २५,००० आहे. ६,००० चा धनादेश दिला पण समोरच्याने अजून बँकेत टाकला नाही: आपण वजा केलेत, बँकेने नाही, म्हणून पासबुकात ६,००० जास्त. ४,००० चा धनादेश भरला पण वटला नाही: आपण धरलेत, बँकेने नाही, म्हणून ४,००० कमी. बँकेने २०० चार्जेस लावले आणि ४५० व्याज दिलं, दोन्ही फक्त बँकेकडे. पासबुकाची शिल्लक २५,००० + ६,००० − ४,००० − २०० + ४५० = २७,२५०. सुरुवातच ओव्हरड्राफ्टने (खात्यात होते त्यापेक्षा जास्त काढलेल्या पैशांनी) होत असेल तर सगळी चिन्हं उलटतात. परीक्षेत बहुतेक गुण जातात ते प्रश्नाच्या पहिल्या ओळीतला ‘जमा शिल्लक’ हा शब्द न वाचल्याने. रोखपुस्तकाची जमा शिल्लक म्हणजे ओव्हरड्राफ्ट. पासबुकाची जमा शिल्लक म्हणजे आपले पैसे बँकेत आहेत.

रोजकीर्दीत, म्हणजे व्यवहारांच्या पहिल्या नोंदवहीत, नेहमी होणाऱ्या चुका मोजक्याच आहेत. ‘रमेशकडून रोखीने माल खरेदी केला’ यात रमेशचं खातं येतच नाही, कारण देणं उरलंच नाही. ‘रमेशकडून माल खरेदी केला’ एवढंच लिहिलं असेल तर ती उधारी. मालकाने घरी नेलेला माल ही विक्री नाही: उचल खाते नावे, खरेदी खात्याला. नमुना म्हणून वाटलेला माल: जाहिरात खाते नावे, खरेदी खात्याला. व्यापारी सूट वहीत कधीच दिसत नाही, रोख सूट दिसते. जीएसटी व्यापारी सूट वजा करून मग लावायचा. ५०,००० चा माल, १० टक्के व्यापारी सूट, १८ टक्के जीएसटी, राज्यातल्या राज्यात उधारीची खरेदी: खरेदी खाते ४५,००० नावे, इनपुट सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ४,०५० नावे, इनपुट एसजीएसटी (राज्याचा वाटा) ४,०५० नावे, धनकोच्या (ज्याला देणं आहे त्याच्या) खात्याला ५३,१००. खरेदी खात्यालाच ५३,१०० लावणारी मुलं भरपूर. त्यांना कर हा मालाच्या किमतीचाच भाग वाटतो. पण भरलेला कर पुढे विक्रीवरच्या करातून वळता होतो, म्हणून त्याचं खातं वेगळं.

खतावणी करताना, म्हणजे रोजकीर्दीतल्या नोंदी खात्यांवर चढवताना, खात्यात समोरच्या खात्याचं नाव लिहितात, स्वतःचं नाही. रोख खात्यात ‘रोख’ हा शब्द दिसला तर तिथेच थांबा.

तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) जुळली नाही की बहुतेक जण पहिल्यापासून सगळं तपासायला बसतात. आधी फरकाची रक्कम बघा. त्याच रकमेची एखादी बाब राहिली आहे का? फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसते का? दिसली तर ती उलट्या बाजूला पडली आहे: १,२०० चा फरक असेल तर ६०० शोधा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी: ४,५०० च्या जागी ५,४०० लिहिलं की ९०० चा फरक पडतो. एवढ्यावर बहुतेक चुका सापडतात. अर्थात तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर असंही नाही. यंत्राच्या दुरुस्तीचे ८०० यंत्र खात्याला लावले तरी तेरीज जुळतेच. चुकांच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक चुकीसाठी बाजूला तीन ओळी लिहा: काय लिहिलं, काय लिहायला हवं होतं, आणि दोन्हींतला फरक भरणारी नोंद. इथे दुरुस्ती खाते ८०० नावे, यंत्र खात्याला ८००. चूक एकाच बाजूची असेल, जसं विक्री पुस्तकाची बेरीज १,००० ने कमी धरली, तर दुसरी बाजू उचंत खातं सांभाळतं: उचंत खाते नावे, विक्री खात्याला. मुलं याला ‘सस्पेन्स’च म्हणतात.

घसाऱ्यात (वापराने यंत्रासारख्या मालमत्तेची घटणारी किंमत) महिने मोजायचे असतात. १ जुलैला १,००,००० चं यंत्र आणलं, बसवायला १०,००० लागले, दर १० टक्के, वर्ष ३१ मार्चला संपतं. बसवणुकीचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायचा. पहिल्या वर्षी नऊ महिने, म्हणून १,१०,००० वर ८,२५०. पुढच्या वर्षी स्थिर हप्ता पद्धतीत ११,०००, तर घटत्या शिलकेच्या पद्धतीत १,०१,७५० वर १०,१७५. यंत्र मधेच विकलं की विक्रीच्या तारखेपर्यंतचा घसारा आधी काढा आणि मग नफा-तोटा बघा. हा क्रम उलटला की पुढचं सगळं बिघडतं.

अंतिम खाती. अकरावीला एकल मालकीची, बारावीला भागीदारीची. बारावीच्या पेपरात हा १२ गुणांचा प्रश्न येतो आणि तो पूर्ण सुटला तर बाकीच्या पेपरात हात मोकळा होतो. मूळ नियम एकच: तेरजेत असलेल्या बाबीचा परिणाम एका ठिकाणी, तेरजेबाहेर समायोजनात दिलेल्या बाबीचा कमीत कमी दोन ठिकाणी. कारण सरळ आहे. तेरजेतल्या रकमेची दुसरी बाजू आधीच कुठेतरी नोंदलेली असते. समायोजन अजून वहीत उतरलेलंच नाही, म्हणून दोन्ही बाजू तुम्हाला लिहायच्या. ‘अदत्त मजुरी’ (द्यायची राहिलेली) तेरजेत असेल तर ती फक्त ताळेबंदात, देयता बाजूला. समायोजनात असेल तर मजुरीत मिळवा आणि देयतेतही दाखवा.

सगळ्यात जास्त घोळ घालणारं समायोजन म्हणजे संशयित कर्ज निधी, ज्याला सगळे आरडीडी म्हणतात. तेरजेत ऋणको (ज्यांच्याकडून येणं आहे ते) ६०,०००, बुडीत कर्ज ५००, जुना आरडीडी २,०००. समायोजन: आणखी १,००० बुडीत धरा आणि ऋणकोंवर ५ टक्के आरडीडी करा. आधी ६०,००० मधून १,००० वजा, उरले ५९,०००. त्याचे ५ टक्के २,९५०. नफा-तोटा खात्यात: ५०० + १,००० + २,९५० − २,००० = २,४५०. ताळेबंदात: ६०,००० − १,००० − २,९५० = ५६,०५०. नेहमी होणाऱ्या चुका दोन. ५ टक्के थेट ६०,००० वर काढणं, आणि तेरजेतले ५०० ऋणकोंमधून पुन्हा वजा करणं. ते ५०० ऋणकोंच्या रकमेतून आधीच गेले आहेत, म्हणून तर तेरजेत आहेत. जुना आरडीडी जास्त असला तर उत्तर उणे येईल. मग तो आकडा नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूला जातो. घाबरून तो नावे बाजूला कोंबू नका.

काही समायोजनांना तीन परिणाम असतात. १०,००० चा माल जळाला, विमा कंपनीने ७,००० चा दावा मान्य केला: व्यापार खात्यात जमा बाजूला १०,०००, नफा-तोटा खात्यात नावे ३,०००, ताळेबंदात मालमत्ता बाजूला ७,०००. आणि व्याजाच्या तारखा बघा: १ ऑक्टोबरला काढलेल्या १,००,००० च्या १२ टक्के कर्जाचं मार्चअखेरचं व्याज ६,०००, १२,००० नाही.

ताळेबंद जुळला नाही तर परीक्षेत पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. समायोजनांच्या यादीत प्रत्येकासमोर किती परिणाम लिहिले ते मोजा. एकच सापडला तर चूक तिथेच आहे. नाहीच सापडलं तर तसंच सोडून पुढचा प्रश्न घ्या. गुण पायऱ्यांना असतात. फरक ‘उचंत’ म्हणून घालून ताळेबंद जबरदस्तीने जुळवणं तेवढं टाळा. तपासणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं.

बारावीत भागीदारी चार वेगवेगळ्या वेषांत येते: प्रवेश, निवृत्ती, मृत्यू, विसर्जन. करार नसेल तर १९३२ चा भागीदारी कायदा लागू: नफा समान, भांडवलावर आणि उचलीवर व्याज नाही, पगार नाही, भागीदाराने दिलेल्या कर्जावर ६ टक्के व्याज. वस्तुनिष्ठ प्रश्नांत हे हमखास असतं. प्रवेशात सगळा खेळ प्रमाणांचा आहे. अ आणि ब ३:२, क ला १/५ हिस्सा. उरलेले ४/५ जुन्या प्रमाणात वाटले की अ १२/२५, ब ८/२५, क ५/२५. त्याग म्हणजे जुना वजा नवा: ३/२५ आणि २/२५, म्हणजे ३:२. क ने ख्यातीपोटी (धंद्याच्या नावलौकिकाच्या किमतीपोटी) २०,००० आणले तर अ ला १२,०००, ब ला ८,०००. राखीव निधी आणि पुनर्मूल्यांकनाचा नफा जुन्या भागीदारांत जुन्या प्रमाणात, ख्याती त्यागाच्या प्रमाणात. इथे दोन्ही प्रमाणं योगायोगाने सारखी आली म्हणून फरक कळत नाही. क ने आपला हिस्सा फक्त अ कडून घेतला असं उदाहरण सोडवून बघा, लगेच कळेल. राखीव निधी क ला का नाही? कारण तो कमावला गेला तेव्हा ती वही क ची नव्हती.

विसर्जनात वसुली खात्याला मालमत्ता पुस्तकी किमतीने जाते, रोख आणि बँक सोडून. आरडीडी असेल तर ऋणको पूर्ण रकमेने नावे बाजूला आणि आरडीडी स्वतंत्रपणे जमा बाजूला. वजा करून लिहिलं तर गुण जातात. भागीदाराचं कर्ज वसुली खात्यात टाकू नका, ते वेगळं फेडलं जातं. मृत्यूच्या प्रकरणात मृत्यूच्या तारखेपर्यंतचे महिने मोजून नफ्याचा हिस्सा काढा आणि तो नफा-तोटा उचंत खात्यातून द्या. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

बिलांचं प्रकरण, म्हणजे हुंडीचं (ठरल्या मुदतीला पैसे देण्याचा लेखी आदेश), मुलांना सर्वात भयंकर वाटतं. खरं तर ते सर्वात सोपं आहे, कारण तिथे ‘वही कोणाची’ हा प्रश्न पेपरातच छापलेला असतो. बिल लिहिणाऱ्याने ते जवळ ठेवलं, बँकेत वटवून घेतलं, दुसऱ्याच्या नावे केलं किंवा वसुलीसाठी बँकेत पाठवलं, या चारही वेळी नोंद त्याच्या वहीत बदलते. बिल स्वीकारणाऱ्याच्या वहीत यातली एकही नोंद नसते. त्याला फक्त तीन क्षण माहीत: स्वीकारलं, मुदतीला फेडलं, किंवा नाकारलं. ३०,००० चं तीन महिन्यांचं बिल १२ टक्क्यांनी लगेच वटवलं तर वटाव ९००: बँक खाते २९,१०० नावे, वटाव खाते ९०० नावे, प्राप्य विपत्र (येणं असलेलं बिल) खात्याला ३०,०००. स्वीकारणाऱ्याच्या वहीत या दिवशी काहीच नाही. विद्यार्थी तिथेही वटावाची नोंद करतात आणि पुढचं सगळं फसतं. देय दिनांक काढताना सवलतीचे तीन दिवस मिळवा. १२ जूनचं दोन महिन्यांचं बिल १२ ऑगस्ट अधिक तीन, म्हणजे १५ ऑगस्ट. ती सार्वजनिक सुट्टी, म्हणून देय दिनांक १४ ऑगस्ट.

नफा न कमावणाऱ्या संस्थांच्या प्रकरणात वर्गणी सांभाळा. वर्षात मिळाले ५०,०००. त्यात मागच्या वर्षाचे ४,००० आणि पुढच्या वर्षाचे ३,०००. शिवाय चालू वर्षाचे ६,००० येणं बाकी. उत्पन्न-खर्च खात्याला ४९,०००. मागचे ४,००० गेल्या वर्षीच्या ताळेबंदात येणं म्हणून होतेच. पुढचे ३,००० यंदाच्या ताळेबंदात देयता.

सराव किती? वाचून अकाउंट्स येत नाही, सोडवलेलं उदाहरण बघून ‘कळलं’ असं वाटतं तेवढंच. अकरावीत निदान दीडशे रोजकीर्द नोंदी स्वतःच्या हाताने. प्रत्येक प्रकरणातली पुस्तकातली सर्व उदाहरणं एकदा, आणि चुकलेली पंधरा दिवसांनी पुन्हा. अंतिम खात्यांचं उदाहरण घड्याळ लावून, तीस मिनिटांत. कच्चं काम पानाच्या उजव्या कडेला किंवा खाली ‘कार्यटिपा’ म्हणून लिहा, पेन्सिलीने लिहून खोडू नका, त्यालाही गुण असतात. पहिला २० गुणांचा वस्तुनिष्ठ प्रश्न बहुतेक स्वाध्यायांवर बेतलेला असतो. तो शेवटच्या आठवड्यावर टाकणं हा तोट्याचा सौदा.

अर्थशास्त्राकडे वळू. बारावीचा पेपर असा: २० गुण वस्तुनिष्ठ, संकल्पना ओळखा आणि फरक स्पष्ट करा मिळून १२, थोडक्यात उत्तरं १२, ‘सहमत आहात का, सकारण लिहा’ १२, तक्ता, आकृती किंवा उतारा ८, आणि दोन सविस्तर उत्तरं १६. म्हणजे संपूर्ण प्रकरण पाठ करून लिहायची जागा फक्त १६ गुणांची. तरी मुलांचा बहुतेक वेळ त्या दोन उत्तरांवरच जातो, मग ‘राहत नाही’ ही तक्रार येणारच.

सूक्ष्म अर्थशास्त्रात तक्ता आधी स्वतः तयार करा, आकृती त्यातून काढा, शब्द शेवटी. एकूण उपयोगिता (वस्तू वापरून मिळणारं एकूण समाधान) १०, १८, २४, २८, ३०, ३०, २८ अशी धरा. सीमांत उपयोगिता प्रत्येक वेळची वाढ: १०, ८, ६, ४, २, ०, −२. आता आकृतीत सहाव्या नगाला एकूण उपयोगितेचा वक्र सर्वोच्च बिंदूवर असतो आणि नेमका तिथेच सीमांत वक्र क्ष अक्षाला छेदतो. सातव्या नगाला तो अक्षाच्या खाली गेलाच पाहिजे. बरेच जण तो अक्षावरच थांबवतात. अक्षांना नावं नसलेल्या आकृतीचे गुण कापले जातात: क्ष अक्षावर नग, य अक्षावर उपयोगिता.

मागणीत एक गोंधळ वर्षानुवर्षं चालत आला आहे. किंमत बदलली की ग्राहक त्याच वक्रावर वर-खाली सरकतो: मागणीचा विस्तार किंवा संकोच. उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूची किंमत असं दुसरं काही बदललं की वक्रच उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो: मागणीतील वृद्धी किंवा ऱ्हास. चहा महागला म्हणून कॉफी जास्त खपली. चहाच्या वक्रावर हालचाल झाली. कॉफीचा मात्र वक्रच सरकला. कॉफीची स्वतःची किंमत तर जागची हललेलीच नाही. अकाउंट्समध्ये जसं वही कोणाची, तसं इथे वक्र कोणत्या वस्तूचा हे आधी ठरवा.

लवचिकतेचं (किंमत बदलली की मागणी किती बदलते याचं) एक उदाहरण हातात ठेवा. किंमत १० वरून १२, मागणी १०० वरून ९०. किंमत २० टक्के वाढली, मागणी १० टक्के घटली, लवचिकता ०.५. एकूण खर्च १,००० वरून १,०८०. किंमत वाढून खर्चही वाढला, म्हणजे मागणी कमी लवचीक. टक्केवारी आणि एकूण खर्च या दोन्ही पद्धती एकाच आकड्यांतून निघाल्या, वेगळं काही पाठ करायला उरलं नाही.

निर्देशांकात (किमती किती बदलल्या ते सांगणारा आकडा) सूत्राची गल्लत होते ती परिमाण कुठल्या वर्षाचं यावरून. गहू: मूळ वर्षी २० रुपये, १० किलो, चालू वर्षी २५ रुपये, ८ किलो. तेल: १०० रुपये, २ लिटर, नंतर १४० रुपये, २ लिटर. लास्पेअरचं सूत्र मूळ वर्षाचं परिमाण घेतं: ५३० भागिले ४००, गुणिले १००, म्हणजे १३२.५. पाशेचं सूत्र चालू वर्षाचं: ४८० भागिले ३६०, म्हणजे १३३.३३. साध्या निर्देशांकात परिमाण नाहीच: १६५ भागिले १२०, म्हणजे १३७.५. अकरावीतल्या विभाजन मूल्यांतही अशीच एक साधी गोष्ट राहून जाते: आकडे चढत्या क्रमाने लावायच्या आधीच चतुर्थक (आकड्यांचे चार समान भाग पाडणारी मूल्यं) काढायला घेतात.

राष्ट्रीय उत्पन्नात दुहेरी गणना शब्दांनी सांगू नका, आकड्यांनी दाखवा: गहू २,०००, पीठ २,६००, पाव ४,०००. सगळं मिळवलं तर ८,६००. खरं उत्पन्न ४,०००, कारण भर पडली ती २,००० + ६०० + १,४००. जुन्या वस्तूची विक्री, शिष्यवृत्ती, पेन्शन यांत चालू वर्षाचं नवं उत्पादन नाही, म्हणून ते बाहेर. नाणेबाजार, सार्वजनिक वित्त, विदेशी व्यापार ही प्रकरणं मात्र वाचूनच होतात. त्यांतली आकडेवारी बातम्यांतून आणून घालण्यापेक्षा पुस्तकातली लिहा.

‘सहमत’च्या प्रश्नात पहिल्या ओळीत नुसतं ‘होय, सहमत आहे’ किंवा ‘नाही, सहमत नाही’. मग संकल्पनेची एक ओळ, मग तीन-चार कारणं. विधानात ‘फक्त’, ‘सर्व’, ‘नेहमी’ दिसलं तर बहुतेक वेळा असहमत. बहुतेक वेळा, दरवेळी नाही.

वाणिज्य संघटनाला वेगळी युक्ती लागत नाही. फेयोल या तज्ज्ञाची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं, व्यवस्थापनाची कार्यं, फरकांचे तक्ते, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर आपल्या आजूबाजूच्या दुकानातलं किंवा पतसंस्थेतलं उदाहरण. एका ठिकाणी सावध राहा: ग्राहक संरक्षण. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी आणि राज्य आयोगाची १० कोटी होती; २०२१ च्या नियमांनी ती ५० लाख आणि २ कोटी झाली. तुमच्या हातातल्या आवृत्तीत काय छापलंय ते बघून तेच पेपरात लिहा.

चिटणिसाच्या कार्यपद्धतीत पत्रं म्हणजे हमखास गुण. वर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, २१ अक्षर-अंकांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), संदर्भ क्रमांक, दिनांक, विषय. खाली चिटणिसाची सही आणि सोबतची कागदपत्रं. पत्रातल्या तारखा आपसात जुळायला हव्यात: लाभांश सर्वसाधारण सभेत जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा, मग पत्राची तारीख सभेच्या आधीची कशी चालेल? अंतरिम लाभांश संचालक मंडळ जाहीर करतं, अंतिम लाभांशाला सभासदांची मंजुरी लागते, हा फरक पत्रात चुकला तर सगळं पत्र बिघडतं.

गणित की चिटणीस? अनेक महाविद्यालयांत दोन्हींतून एकच निवडावं लागतं. सीए करायचं मनात असेल तर गणित ठेवा. सीएची पहिली पायरी असलेल्या फाउंडेशन परीक्षेच्या चार पेपरांत एक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो, तो वस्तुनिष्ठ असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात, त्यामुळे तो एक पेपर टाळून पुढे जाता येत नाही. पुढे अर्थशास्त्रात पदवी घ्यायची असेल तरी गणित हवं. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचं गणित मागतात. बीकॉम करून नोकरी, घरचा धंदा, बँकेच्या परीक्षा असं ठरलं असेल आणि दहावीला गणिताने रडवलं असेल, तर चिटणीस घ्यायला हरकत नाही. कंपनी सेक्रेटरीकडे कल असेल तर तो उपयोगीही पडतो.

भाषेचं म्हणाल तर बारावीचा पेपर मराठीत खुशाल लिहा. अडतं ते पुढे: सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही, आणि बीकॉमची बहुतेक पुस्तकं इंग्रजी. म्हणून अकरावीच्या पहिल्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखा: तेरीज – ट्रायल बॅलन्स, घसारा – डेप्रिसिएशन, ख्याती – गुडविल, अदत्त खर्च – आउटस्टँडिंग एक्स्पेन्सेस, वसुली खाते – रिअलायझेशन अकाउंट. प्रत्येक प्रकरणाचे पंधरा-वीस शब्द, इंग्रजी स्पेलिंगसकट. दुसऱ्या सत्रापासून आठवड्यातून एक उदाहरण इंग्रजी पुस्तकातून वाचून मराठीत सोडवा. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि उदाहरणं तीच असतात, त्यामुळे अडलं तर शेजारी मराठी पान उघडं ठेवता येतं.